शब्दचर्चा : रेसच्या घोड्याचा 'ब्रीडर' म्हणजे नेमका कोण?

धागाकर्ती :
अमेरिकेतल्या रेसिंगच्या वार्षिक बक्षिसांवर, म्हणजे एक्लिप्स अवॉर्ड्सवर मराठीत लिहायला घेतलंय. त्यात 'आउटस्टँडिंग ब्रीडर' असं एक बक्षीस असतं. २०१८ ला ते जॉन गंथर यांना मिळालं, कारण त्या वर्षी ट्रिपल क्राउन (तीन मोठ्या रेसेसचा मान) जिंकणारा घोडा जस्टिफाय त्यांच्या केंटकीतल्या फार्मवर जन्मलेला. घोडा त्यांनी वर्षाचा असतानाच लिलावात विकला होता, म्हणजे पळाला तेव्हा मालक वेगळे, ट्रेनर वेगळा, जॉकी वेगळा, आणि हे बक्षीस मात्र पैदाशीचं. मला 'पैदासकार' हा शब्द आवडतो, पण तिथल्या स्टड बुकाचा, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या वंशनोंदवहीचा, नियम वाचला आणि थांबले. नियमात ब्रीडर म्हणजे शिंगरू जन्मलं त्या वेळी घोडी ज्याच्या मालकीची तो. नर कुठला लावायचा हे कुणी ठरवलं, घोडी कुणी पारखून घेतली, याचा नियमात उल्लेखच नाही. मग त्याला पैदासकार म्हणायचं का? की सरळ घोडीमालक?

प्रतिसाद :
ब्रीडरच ठेवा ताई. महालक्ष्मी असो की पुणे, रेसकोर्सवर सगळे ब्रीडरच म्हणतात, नाहीतर 'अमक्या स्टडचा घोडा' म्हणतात. आपलं भारतातलं स्टड बुकही पुण्यातच ठेवलं जातं, तिथेही तोंडात हाच शब्द.

प्रतिसाद :
पैदासकार हा शब्द आपल्याकडे नुसता डिक्शनरीत नाहीये, कृषी विद्यापीठात 'ज्वारी पैदासकार' असं चक्क पद असतं. आणि तिथे अर्थ अगदी स्वच्छ आहे, कुठलं वाण कुठल्या वाणाशी संकरायचं हे जो ठरवतो आणि पिढ्यान् पिढ्या निवड करत बसतो तो पैदासकार. प्लॉट कुणाच्या नावावर आहे हे कुणी विचारत नाही. त्यामुळे मराठी वाचक पैदासकार वाचला की 'ज्याने डोकं लावलं तो' असंच समजणार आणि तुमच्या नियमातला माणूस तसा असेलच असं नाही. मी तरी तिथे हा शब्द वापरणार नाही.

प्रतिसाद :
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत, आणि थोडं सविस्तर लिहितो कारण या विषयावर मला खरंच बोलायचं होतं.

घोडी अकरा महिने गाभण असते. थरोब्रेडमध्ये (ही रेसच्या घोड्यांची जात) कृत्रिम रेतन चालत नाही, घोडी प्रत्यक्ष नराकडे न्यावी लागते, म्हणजे कुणीतरी बसून वंशावळी चाळलेल्या असतात, स्टड फी, म्हणजे नराच्या मालकाला द्यायची फी, भरलेली असते, घोडी ट्रकमध्ये घालून दुसऱ्या फार्मवर नेलेली असते. हे सगळं होतं वसंतात. आणि गाभण घोड्यांचे मोठे लिलाव नोव्हेंबर-डिसेंबरात, केंटकीत कीनलंडला आणि इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला. म्हणजे वीण ठरवली एकाने, डिसेंबरात घोडी घेतली दुसऱ्याने, फेब्रुवारीत शिंगरू जन्मलं की ब्रीडर म्हणून नाव लागणार दुसऱ्याचं. पुढे तो घोडा डर्बी जिंकला तरी पहिल्याचं नाव कुठेही येणार नाही.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे लेडी अँजेला. १९५२ च्या डिसेंबरात कॅनडाच्या ई. पी. टेलर यांनी ही घोडी न्यूमार्केटच्या लिलावात घेतली. आधीचे मालक मार्टिन बेन्सन, आणि नीअर्को हा त्या काळातला बडा स्टॅलियनसुद्धा (पैदाशीचा नर) त्यांचाच. घोडी तेव्हा नीअर्कोपासूनच गाभण होती, पण टेलर यांनी अट घातली की व्यायल्यावर तिला पुन्हा नीअर्कोकडेच न्यायचं. १९५३ ला पहिलं शिंगरू इंग्लंडमध्येच झालं, घोडी परत फळली, मग कॅनडाला गेली आणि १९५४ ला तिथे नीअर्क्टिक जन्मला. हा नीअर्क्टिक म्हणजे नॉर्दर्न डान्सरचा बाप, आणि नॉर्दर्न डान्सरने १९६४ ची केंटकी डर्बी जिंकून पुढे स्टॅलियन म्हणून जे केलं त्याला तोड नाही. आता बघा, सख्खी दोन भावंडं, आई तीच बाप तोच. पहिल्याची वीण बेन्सन यांच्या मालकीत झालेली, दुसऱ्याची टेलर यांनी हट्टाने अट घालून करवलेली. आणि नियमाने दोघांचेही ब्रीडर टेलरच! नीअर्क्टिकचं श्रेय त्यांचं आहे यात वादच नाही, तो निर्णयच मोठा होता. पण आधीच्या शिंगराचं?

आणि हा नियम काही सगळ्या घोड्यांना लागू नाही. अमेरिकेतच क्वार्टर हॉर्सचं आणि अरबी घोड्यांचं रजिस्टर बघा, तिथे घोडी फळवली त्या वेळी ज्याच्या मालकीची तो ब्रीडर. तिथल्या केनेल क्लबचंही कुत्र्यांच्या बाबतीत तसंच. शब्द सगळीकडे एकच, ब्रीडर, आणि घड्याळ मात्र वेगवेगळ्या क्षणी थांबवलेलं. माझं मत विचाराल तर स्टड बुकाने जन्माचा क्षण धरावा, नोंदीला तो सोयीचा आहे, पण बक्षीस देताना वीण कुणी ठरवली हे बघितलंच पाहिजे.

प्रतिसाद :
थांबा थांबा, गाभण घोडी घेणाऱ्याला एवढं हलकं लेखू नका. पोटात काय आहे ते माहीत नसताना तो पैसे मोजतो. गर्भ पडू शकतो, जुळी निघू शकतात (घोडीत जुळी म्हणजे बहुतेक वेळा दोन्हीवर पाणी), शिंगराचे पाय वाकडे निघू शकतात. थंडीत रात्र रात्र जागून व्यायला लावणं, पहिल्या काही तासांत चीक पाजणं, हे सगळं त्याच्याच अंगावर. आणि शेवटी त्या घोडीवर आणि तिच्या पोटातल्या वंशावर पैसे लावायचा निर्णय त्याचाच ना? तोही पारखीच आहे.

प्रतिसाद :
हा वाद फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात क्षेत्र आणि बीज यांची चर्चा येते, संतती शेताच्या मालकाची की बी पेरणाऱ्याची. तिथे गाय, घोडी, उंटीण, म्हैस, शेळी, मेंढी अशी यादी देऊन (त्यात दासीही आहे, ते आज वाचवत नाही) म्हटलंय की 'उत्पादक' प्रजेचा वाटेकरी नाही. म्हणजे नराच्या मालकाला काही नाही, मादीच्या मालकाचं पिल्लू. आणि थोडं पुढे लगेच अपवाद, आधी तसा करार झाला असेल तर बीजी आणि क्षेत्रिक दोघेही वाटेकरी. यावरून सुचलं की 'उत्पादक' हा शब्दही तुम्ही टाळा, जुन्या अर्थाने तो बापाकडे जातो आणि आजच्या अर्थाने दूध उत्पादक आठवतो. 'क्षेत्रिक' अर्थाने चपखल आहे पण समजणार कुणाला.

धागाकर्ती :
बापरे, हे माहीत नव्हतं. कारण अमेरिकेच्या नियमातही अगदी हाच अपवाद आहे, घोडी लीजवर असेल किंवा 'फोल शेअरिंग' असेल तर करारात ज्याचं नाव तो ब्रीडर. या फोल शेअरिंगला काय म्हणू?

प्रतिसाद :
अर्धल! आमच्या गावाकडे शेळी अर्धलीने देतात, शेळी एकाची, सांभाळणार दुसरा, पिल्लं निम्मी निम्मी. इथे घोडी एकाची आणि नर दुसऱ्याचा, एवढाच फरक, वाटणी तशीच.

प्रतिसाद :
अर्धल मस्त शब्द आहे, नक्की वापरा. आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सेक्रेटेरिएट हा घोडा. नर बोल्ड रूलर फिप्स कुटुंबाचा, घोडी समथिंगरॉयल व्हर्जिनियातल्या मेडो स्टडची, म्हणजे चेनरी कुटुंबाची. ठरलं असं की मेडोने दरवर्षी दोन घोड्या पाठवायच्या, दोन वर्षं, आणि नाणेफेक जिंकेल त्याने पहिल्या वर्षीच्या शिंगरांतून आधी निवडायचं, दुसऱ्या वर्षी आधी निवडायचा मान हरलेल्याचा. १९६९ ला नाणेफेक झाली तेव्हा पहिल्या वर्षीची दोन शिंगरं समोर होती, आणि दुसऱ्या वर्षी पाठवलेल्या घोड्यांपैकी एक फळलीच नव्हती, त्यामुळे पुढच्या साली एकच शिंगरू येणार हे सगळ्यांना माहीत होतं. ऑग्डेन फिप्स जिंकले, त्यांनी समथिंगरॉयलची शिंगी घेतली, ती पुढे एकही रेस जिंकली नाही. हरलेल्या पेनी चेनरींच्या वाट्याला समथिंगरॉयलच्या पोटातलं शिंगरू आलं, ते ३० मार्च १९७० ला जन्मलं आणि १९७३ ला बेलमाँट स्टेक्स ३१ लेंग्थने (म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने) जिंकलं.

ब्रीडर म्हणून नाव मेडो स्टडचं. पण हिशोब बघा, वर्षानुवर्षं घोड्या जमवल्या त्या पेनींच्या वडिलांनी, ख्रिस्तोफर चेनरींनी, ते तेव्हा हॉस्पिटलात होते. नर फिप्सकडचा. आणि ते जन्मलं त्या रात्री प्रत्यक्ष शिंगरू हातात घेणारे फार्मचे मॅनेजर हॉवर्ड जेन्ट्री. वरच्या प्रतिसादात रात्र जागण्याची गोष्ट निघाली ना, ती जागणारा माणूस नव्याण्णव टक्के वेळा घोडीमालक नसतोच, पगारावरचा माणूस असतो, आणि त्याचं नाव कुठल्याच व्याख्येत बसत नाही. मला ते फार लागतं. फार्मच्या नावाने बक्षीस दिलं तर निदान ती माणसं त्यात धरली जातात, एका मालकाच्या नावाने दिलं तर तेही नाही.

धागाकर्ती :
मग मी असं करते. बक्षिसाचं नाव 'उत्कृष्ट ब्रीडर' असंच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे शिंगरू जन्मताना घोडीचा मालक' असं वाक्यातच सांगून टाकते. वीण ज्याने ठरवली असं पक्कं माहीत असेल तिथेच पैदासकार. घोड्याच्या माहितीत नुसतं 'पैदास : मेडो स्टड' लिहिते, 'कार' लावतच नाही, म्हणजे फार्मही त्यात येतं आणि फार्मवरची माणसंही. दोघं भागीदार असतील तर?

प्रतिसाद :
'पैदास :' आवडलं. भागीदार असतील तर दोघांची नावं द्यायची. कॅलिफोर्निया क्रोम बघा, २०१४ चा केंटकी डर्बी विजेता, स्टीव्ह कोबर्न आणि पेरी मार्टिन यांनी ८,००० डॉलरला घेतलेल्या लव्ह द चेस या घोडीचा. फळवताना घोडी त्यांचीच, व्यायली तेव्हाही त्यांचीच, आणि डर्बीत घोडा पळाला तोही त्यांच्याच मालकीत. तिथे बिनधास्त पैदासकार लिहा, कुठलंही रजिस्टर काढलं तरी नावं तीच येतील.