मनगटातील अस्थिभंग आणि निखळलेली हाडे : मदत हवी आहे

माझा धाकटा भाऊ शिडीवरून तळहातावर पडला. पहिल्या एक्स-रेनंतर 'मुरगळले आहे' असे सांगून क्रेप बँडेज बांधण्यात आले. परंतु सूज उतरेना आणि अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येत राहिल्या. नवव्या दिवशी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी बाजूने काढलेला एक्स-रे आणि सीटी स्कॅन पाहून निदान केले, की स्कॅफॉईड (मनगटातील अंगठ्याच्या बाजूचे लहान हाड) मोडले असून, ल्युनेट या चंद्रकोरीसारख्या हाडाच्या खोबणीतून कॅपिटेट (मनगटाच्या मधले हाड) मागे सरकले आहे. (समोरून काढलेल्या एक्स-रेत आम्हाला तरी काहीच वावगे दिसले नव्हते.)

मुंग्या मनगटातून तळहातात जाणाऱ्या मीडियन नसेवरील दाबामुळे येत असल्याने शस्त्रक्रिया लांबवू नये, हे पटले आहे. हाडे जागेवर बसवून स्कॅफॉईडला स्क्रू, अस्थिबंधांची (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांची) दुरुस्ती आणि हाडे जागेवर धरून ठेवण्यासाठी सुमारे ८ आठवडे तारा, असे ठरले आहे. मात्र स्कॅफॉईडला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील टोकाने होत असल्यामुळे कोपराकडचा तुकडा सुकण्याचा धोका असतो, ही चिंता आहे.

निदान असेच उशिरा झालेल्यांपैकी कोणाची नस पूर्ववत झाली का? तिच्यासाठी तळहाताच्या बाजूनेही छेद घ्यावा लागला का? तारा काढल्यावर मूठ घट्ट वळण्यास किती काळ लागला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.