जाऊबाईंच्या आठवणीत मोहाचे झाड लावायचे आहे, मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या पौषात वारल्या. घरात त्या थोरल्या आणि अंगणवाडीत त्या सेविका, मी मदतनीस. त्यामुळे घरची चूल आणि पोषण आहाराची खिचडी या दोन्हींपाशी आमचा १९ वर्षांचा सहवास होता. वजनाला घाबरणाऱ्या लेकरांना त्या “चल, तुला झोका देते” म्हणून काट्याच्या झोळीत बसवत. नोंदवहीतला आकडा मात्र त्यांनी कधी वाढवून लिहू दिला नाही, ज्याचा मला तेव्हा रागही येई.

त्यांचे माहेर गडचिरोलीकडचे, म्हणून मोहावर फार जीव. येत्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या आवारात मोह लावायचे आम्ही ठरवले आहे. अडचण अशी की आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले असून जमीन काळी व भारी आहे, जी पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. मोहाचे बी ताजे असतानाच चांगले रुजते व सोटमूळ लवकर खोल जाते, असे असताना पिशवीतले रोप आणावे की बी थेट जागेवर टोबावे? खड्ड्यात मुरूम मिसळून उंचवटा केल्यास चालेल का? शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण करणारच आहोत.

काळ्या जमिनीत ज्यांनी मोह जगवला असेल त्यांनी कृपया अनुभव सांगावा, आणि जवळपासच्या कोणत्या रोपवाटिकेत रोप मिळते तेही कळवावे.