घर झाडलं, पण रिकामंच ठेवलं

भूतबाधेतून सुटकेची प्रार्थना केल्यावरही काही दिवसांनी तोच त्रास परत का येतो, असा प्रश्न पडतो. बायबलमधलं मत्तय 12:43-45 वाचा. अशुद्ध आत्मा परततो तेव्हा घर (म्हणजे ज्याच्यातून तो निघाला तो माणूस) झाडलेलं, सजवलेलं असतं, पण रिकामं. मग तो आपल्याहून वाईट सात आत्मे घेऊन आत शिरतो. आत्मा घालवला, पण घर ख्रिस्ताच्या हवाली केलंच नाही, चूक होते ती इथेच. बायबलमधल्या इफिस शहरात लोकांनी आधी आपली कृत्यं उघड कबूल केली, मग जादूटोण्याची पुस्तकं सगळ्यांसमोर जाळली. किंमत 50 हजार चांदीची नाणी! विकली नाहीत, जाळली. तेव्हा ताईत-गंडे पेटीत जपून ठेवू नका. आणि चालू औषधं कृपा करून बंद करू नका. कॅथोलिक चर्चमध्येही आधी आजार नाही याची खात्री करतात, मगच बिशपांच्या परवानगीने भूत काढण्याचा विधी होतो.