बंद मठातल्या सिस्टर फौजींसाठी प्रार्थना करतात, याले काही अर्थ हाय का?

कापूसवाला:
आमच्या गावचा एक पोरगा लडाखला ड्युटीवर आहे. त्याच्या आईच्या ओळखीतल्या एका बाईची बहीण कार्मेल नावाच्या ख्रिस्ती मठात सिस्टर म्हणजे संन्यासिनी आहे, त्या कधी बाहेरच येत नाहीत, शाळा नाही दवाखाना नाही, सख्खे लोक भेटायला गेले तरी जाळीच्या पलीकडून बोलायचं. तर त्या मठात या पोराचं नाव लिहून घेतलं आणि रोज त्याच्यासाठी प्रार्थना होते. काकू लय खूश. मला काही पटलं नाही राजेहो, धडधाकट बाया जन्मभर भिंतीआड बसून फौजीचं काय भलं करणार? नर्स झाल्या असत्या तर मिलिटरी हॉस्पिटलात कामी आल्या असत्या.

रेल्वेफाटक:
एकदम सहमत. मी पुलगावकडचा. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर फौजेच्या दारूगोळा भांडाराले आग लागली, आजूबाजूची गावं अंधारातच खाली केली. देवाचं नाव तर सगळेच घेत होते बापा, पण आगीत शिरले ते फायरमन अन् जवान, गेले पण तेच.

मोझरीवाला:
प्रार्थनेले नावं ठेवू नका. पण तुकडोजी महाराज १९६२ च्या लढाईत सरहद्दीवर गेले, जवानांसमोर भजनं म्हटली. जवानाले माणूस दिसला पाहिजे नं. जाळीमागून काय दिसते?

भाची:
माझी मावशी कार्मेलमध्येच आहे म्हणून लिहितेय. "बसून" काय हो? सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मौन प्रार्थना, ही शिस्त स्पेनच्या संत तेरेसांनी १६ व्या शतकात लावली, शिवाय दिवसभर ठरलेल्या वेळी स्तोत्रं, आणि मधे शिवण, बाग, स्वयंपाक. फ्रान्समधल्या लिझ्यूची तेरेझ १५ व्या वर्षी मठात गेली, १८९७ ला २४ व्या वर्षी टीबीनं वारली, बाहेर पडलीच नाही. तरी पहिल्या महायुद्धात फ्रेंच शिपाई खंदकात तिचा फोटो खिशात घेऊन होते. त्यांना ती बिनकामाची वाटली नाही. आणि पवनारला विनोबांनी १९५९ मधे बायांसाठीच ब्रह्मविद्या मंदिर काढलं, तिथल्या ताईंना विचारता का कोणी, नर्स काहून नाही झाल्या म्हणून?

कापूसवाला:
पवनारच्या ताई शेती करतात, आल्यागेल्याशी बोलतात, तो हिशेब वेगळा. आणि एक सांगा, असे मठ जर्मनीत पण होते नं? इकडच्या सिस्टर फ्रेंच फौजीसाठी मागणार, तिकडच्या जर्मनसाठी, मग देवानं ऐकायचं कोणाचं?

भाची:
विजय मागायचाच नसतो, मावशी तरी मागत नाही. पोरगा घरी परत यावा, त्याच्या हातून अत्याचार होऊ नये, मरणाच्या वेळी तो एकटा नसावा, एवढंच. समोरच्या बाजूच्या पोरासाठी पण हेच. तेरेझनं तर १४ व्या वर्षी फाशीच्या कैद्यासाठी प्रार्थना केली होती, खुनी होता तो.

रेल्वेफाटक:
घ्या! म्हणजे दुश्मनासाठी पण? हे काकूले सांगितलं का कोणी?

फौजीघरची:
आमचे हे फौजेतच आहेत. घरी नेटवर्क फक्त गोठ्याजवळ येते, तर सासूबाई संध्याकाळी मोबाईल गव्हाणीच्या काठावर ठेवून तिथंच लसूण सोलत बसतात, फोन आला तर आला. गावात लोक विचारतात कॅन्टीनचं सामान आणलं का, ते कसे आहेत हे विचारणारे दोनचारच. कोणी अनोळखी बाई रोज त्यांचं नाव घेत असेल तर मला चालते. दुश्मनासाठी घेते तर घेऊ दे, तिकडं पण कोणाची सासू असंल फोनजवळ. पण मोझरीवाले दादा, कापूसवाले दादा, तुम्ही जाळीच्या बाहेर आहात नं? शेजाऱ्यानं आमच्या शेताचा धुरा (बांध) कोरला, हे सुट्टीवर आले तेव्हा मोजणीचा अर्ज टाकला, सुट्टी संपली तरी तारीख नाही. गावातला एक माणूस सोबत आला नाही.

मोझरीवाला:
वहिनी, हे खरं हाय.

कापूसवाला:
वहिनी, अर्जाची पावती आहे का? गाव अन् गट नंबर मेसेज करा, सोमवारी तालुक्याला जायचंच आहे मला. दुश्मनाच्या प्रार्थनेचं मात्र अजून नाही पटलं, ते भाचीताईंनी नीट समजवावं.