रेकॉर्डरला लावलेल्या छोट्या माइकांतून सुरसुर, खरखर आणि घूं असा आवाज येतो. दोष कुठे शोधावा?

प्रश्न: रोवणीगाणी (तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया)

नमस्कार. धानाची रोवणी करताना आमच्याकडच्या बाया जी गाणी म्हणतात ती, आणि त्यांच्याबरोबर जात्यावरच्या ओव्या, शाळेची नोकरी सांभाळून ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम मी करते आहे. ज्यांना ही गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत येतात त्या बाया आता फार थकल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक मुद्रण एकदाच मिळणार असे धरूनच मी जाते.

माझ्याजवळ खिशात मावणारा एक रेकॉर्डर आहे. त्याच्या ३.५ मि.मी.च्या माइक इनपुटला, शेंगदाण्याहूनही लहान असे दोन इलेक्ट्रेट (आत कायमचा विद्युतभार साठवलेले) माइक एकाच स्टीरिओ पिनेवर जोडून घेतलेले आहेत. मोठा माइक समोर उभा केला की आजीबाई गाणे सोडून माइककडेच पाहत राहतात. हे छोटे माइक पदराजवळ लावले की त्या विसरून जातात. त्यामुळे ते बदलण्याची माझी इच्छा नाही.

तक्रारी तीन आहेत. सगळ्या मुद्रणात एकसारखी सुरसुर ऐकू येते आणि हळू आवाजाच्या गाण्यात ती फार जाणवते. पावसाळा लागल्यापासून डाव्या बाजूला मधूनच काहीतरी फुटल्यासारखी खरखर होते. शिवाय काही घरांत खालच्या पट्टीतला घूं असा आवाज येतो, काही घरांत मुळीच येत नाही. रेकॉर्डरच्या अंगच्या माइकांवर सुरसुर कमी आहे. दुकानदार नवा रेकॉर्डर घ्या म्हणतात. तो खरोखर लागेल का?

उत्तर: डाग-पॉलिश (वर्धा)

ताई, रेकॉर्डर बदलण्याची घाई करू नका. आपण तीन आवाज वेगवेगळे ओळखले आहेत, आणि माझ्या मते तिघांची कारणेही वेगवेगळी असणार. एकच वस्तू बदलून तिन्ही जातील ही अपेक्षा ठेवली तर पैसे वाया जातात.

आधी सुरसुर पाहू. इलेक्ट्रेट कॅप्सूलच्या, म्हणजे माइकच्या आवाज पकडणाऱ्या डबीच्या, आत एक छोटा एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असतो आणि त्याला चालण्यासाठी रेकॉर्डरकडून साधारण अडीच-तीन व्होल्ट मिळावे लागतात. याला प्लग-इन पॉवर म्हणतात. रेकॉर्डरच्या मेनूमध्ये ती बंद असली तर काही माइक अजिबात बोलत नाहीत, काही क्षीण बोलतात, आणि मग आपण गेन (मुद्रणाचा आवाज किती मोठा करायचा ती पातळी) वाढवतो तशी सुरसुरही वाढते. म्हणून ती चालू आहे ना, हे आधी पाहा. त्याच मेनूत आपोआप लेव्हल ठरवण्याची सोय असेल तर ती बंद करा, कारण गाणारी श्वास घ्यायला थांबली की ती सोय गेन चढवते आणि सुरसुर एकदम वर येते.

त्यानंतर ३.५ मि.मी.ची एक सुटी स्टीरिओ पिन घ्या आणि तिच्या टोकापासून बुडाशी आणि मधल्या कड्यापासून बुडाशी २.२ किलोओहमचा एकेक रेझिस्टर जोडा. नेहमीचाच गेन ठेवून माइकऐवजी ही पिन लावा आणि थोडा वेळ मुद्रण करा. मग रात्री सगळे निजल्यावर माइक कापसात गुंडाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि त्याच गेनवर पुन्हा मुद्रण करा. दोन्ही मुद्रणांत सुरसुर जवळपास सारखी असेल तर ती रेकॉर्डरच्या इनपुटची आहे. रेझिस्टरवर ती बरीच कमी आणि माइकवर जास्त असेल तर कॅप्सूलच गोंगाट करणारी आहे. अंगचे माइक शांत आहेत म्हणजे बाहेरचे इनपुटही शांत असेलच असे नाही, कारण पुष्कळ रेकॉर्डरमध्ये दोघांचे मार्ग वेगळे असतात.

डाव्या बाजूच्या खरखरीसाठी, मुद्रण चालू ठेवून वायर पिनेजवळ आणि कॅप्सूलजवळ हळूच वाकवून पाहा. हलवताच खरखर झाली तर तार तुटली आहे किंवा डाग सुटला आहे. काही न हलवता, दमट हवेतच होत असेल तर कॅप्सूलमध्ये ओल शिरली आहे. एफईटीच्या तोंडाशी विरोध इतका प्रचंड असतो की ओलीचा पातळ थरही तेथून विद्युतभार झिरपू देतो, आणि त्याचाच तो फुटल्यासारखा आवाज होतो. माइक तपासताना त्यावर फुंकर मारू नका. श्वासातही ओलच असते.

उत्तर: पडद्यामागचा (वडसा)

मी झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड देतो, त्यामुळे घूं या आवाजाशी माझा जुना संबंध आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते. तो ५० आणि त्याच्या पटीतला १०० हर्ट्झचा आवाज माइकच्या बारीक वायरीत शिरतो, कारण ही वायर बॅलन्स्ड (बाहेरून शिरलेला गोंगाट दोन तारांत आपोआप वजा होईल अशी) नसते आणि तिचे संरक्षण फक्त बाहेरच्या जाळीवर अवलंबून असते. काही घरांत येतो आणि काहींत नाही, यावरून माइकपेक्षा जागेचा संशय जास्त घ्यावा. रेकॉर्डर चार्जरला लावून मुद्रण करू नका, सेलवरच करा. वायर बोर्डापासून, कूलरपासून आणि मोटारपंपाच्या स्टार्टरपासून दूर न्या, आणि उरलेली वायर गुंडाळून विजेच्या वायरीजवळ ठेवू नका. पिनेच्या धातूला बोट लावल्यावर घूं एकदम कमी किंवा जास्त झाला तर जाळीचा डाग तपासा. मोबाइल जवळ असल्यास मधूनच ट्र्र-ट्र्र असा आवाज येतो; तो फ्लाइट मोडवर टाकलेला बरा.

एक सूचना अशी की सपरीत पंखा चालू असेल तर तो बंद करण्याची विनंती गाण्याच्या आधीच करावी. पंख्याचा आवाज पुष्कळदा सुरसुरीतच मोजला जातो.

उत्तर: तळ्याकाठचा (नवेगावबांध)

मी पक्ष्यांचे आवाज मुद्रित करतो, म्हणून कॅप्सूलच्या स्वतःच्या गोंगाटाबद्दल थोडे लिहितो. कॅप्सूलच्या माहितीपत्रकात सिग्नल-टू-नॉइजचा (आवाज गोंगाटापेक्षा किती वर आहे त्याचा) आकडा असतो आणि तो ९४ डेसिबलच्या आवाजाशी तुलना करून दिलेला असतो. तो ९४ मधून वजा केला की कॅप्सूलचा स्वतःचा गोंगाट मिळतो. ५८ डेसिबलची स्वस्त कॅप्सूल म्हणजे ३६ डेसिबलचा गोंगाट. ८० डेसिबलची चांगली कॅप्सूल म्हणजे फक्त १४. खेड्यातली रात्रीची खोली ३६ डेसिबलपेक्षाही शांत असू शकते, म्हणजे अशा वेळी कॅप्सूल खोलीपेक्षा जास्त बोलते. २४ बिटवर मुद्रण केल्याने किंवा महागडा रेकॉर्डर घेतल्याने हा गोंगाट कमी होत नाही.

अंतर मात्र फुकट सुधारता येते. मोकळ्या जागेत माइक आणि तोंड यांच्यातले अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट तेवढाच राहतो. एक मीटरवरचा माइक २५ सेंटिमीटरवर आणला तर १२ डेसिबल मिळतात.

रोवणीगाणी

सर्वांचे मनापासून आभार. प्लग-इन पॉवर चालूच होती. रेझिस्टरच्या पिनेवर सुरसुर अगदी कमी झाली आणि डब्यातल्या माइकवर ती पुन्हा जशीच्या तशी ऐकू आली, म्हणजे रेकॉर्डर निर्दोष आहे. वायर वाकवून खरखर होत नाही. माइक सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवले की थांबते आणि ओल्या हवेत काही वेळ गेला की परत येते. ज्या घरात घूं जास्त होता तिथे बसायची जागा मीटरच्या भिंतीपासून पलीकडे नेली आणि तो जवळजवळ गेला. आता फक्त डावी कॅप्सूल बदलू का?

डाग-पॉलिश

दोन्ही बदला, आणि एकाच जातीच्या घ्या; एक जुनी आणि एक नवी ठेवली तर दोन कानांत दोन वेगळे आवाज येतील. ५८ डेसिबलच्या जागी ८० डेसिबलची मिळाली तर सुरसुरीचा प्रश्नही त्यातच सुटेल. कॅप्सूलच्या मागे दोन ठिपके असतात. जो ठिपका धातूच्या कवचाला जोडलेला दिसतो त्याला जाळी आणि दुसऱ्याला आतली तार लावायची. डाग देण्याची इस्त्री ठिपक्यावर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, कारण उष्णतेने इलेक्ट्रेटवरचा भार कमी होतो. याच कारणाने ओले झालेले माइक चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवू नयेत. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ओल भरली असे समजावे. तेवढे मात्र तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवता येते, आणि पूर्ण गार झाल्यावरच माइकच्या डब्यात घालावे.

तळ्याकाठचा

ताई, एक विनंती. जुन्या मुद्रणांतली सुरसुर सॉफ्टवेअरने काढायची असेल तर मूळ फाइल न बदलता प्रतीवर काढा, आणि जपूनच काढा, कारण ओवीच्या ओळीअखेरचा ओसरता स्वर त्यात सर्वांत आधी कापला जातो. पुढच्या प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला, कोणी बोलत नसताना, त्या खोलीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज घेऊन ठेवा. सॉफ्टवेअरला गोंगाटाचा नमुना त्यातूनच द्यायचा असतो.