मदत हवी आहे: काल १८ डॉलर दिसत होते, आज शून्य! (तातडीने)

चिरेबंदी_भांडुप | मंगळवार, सकाळी ८.५२
नमस्कार मंडळी. डोकं फिरलंय. ठाण्याहून सुटलेल्या फास्टमध्ये उभ्याने टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. एका क्रिप्टो ब्लॉगिंग साइटवर अडीच महिने लिहितोय. मागच्या बुधवारी लालबागच्या मसाला गल्लीवर इंग्रजीत पोस्ट टाकली. २२ फोटो, दोन शनिवार घालवले. काल रात्री झोपताना पोस्टखाली १८ डॉलर दिसत होते, सकाळी बघतो तर ०.००. कोणीतरी डाउनव्होट (विरोधी मत) मारलाय. उद्या रात्री १०.४० ला पेआउट आहे, म्हणजे पैसे खात्यात पडणार. आणि त्याच साइटवर एकाने चहाच्या कपाचा फोटो टाकला, खाली 'गुड मॉर्निंग', त्याला ४१ डॉलर! हा कुठला न्याय?
माझे पैसे परत कसे मिळवायचे तेवढंच सांगा. क्रिप्टो चांगलं की वाईट यावर चर्चा नको.

तात्या_गिरगावकर | ९.०५
क्रिप्टो वाईट.

नोडवाला | ९.११
कुठली साइट? ब्लॉकचेन कोणती? डाउनव्होट किती जणांचे? त्यांनी खाली काही लिहिलंय का?

तात्या_गिरगावकर | ९.१४
आमच्या लहानपणी मटका होता. त्याआधीच्या पिढीत तर न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा. कापूस ना लावणाऱ्याने पाहिलेला, ना घेणाऱ्याने. आता कापसाच्या जागी नाणं आलं, बाकी तेच.

चिरेबंदी_भांडुप | ९.३०
तात्या, म्हणूनच वर लिहिलं होतं.
@नोडवाला, साइटचं नाव टाकत नाही, उगाच खातं बंद पडायचं. स्टीम नावाच्या ब्लॉगिंगच्या ब्लॉकचेनच्या कोडवरून निघालेली एक छोटी चेन आहे. ७ दिवसांनी पेआउट, अर्धे लेखकाला, अर्धे मत देणाऱ्यांना. डाउनव्होट दोन आहेत.

नोडवाला | १०.०२
मग आधी एक गोष्ट. ते १८ डॉलर तुमचे नव्हतेच, म्हणून 'परत' मिळवायचा प्रश्न येत नाही. ७ दिवस पुरे होईपर्यंत दिसतो तो नुसता अंदाज. रोज ठरावीक नाणी नव्याने तयार होऊन एका सामायिक हौदात पडतात आणि मतांच्या वजनानुसार वाटली जातात. मताचं वजन म्हणजे खात्यात अडकवून ठेवलेली नाणी. डाउनव्होटने तुमचा वाटा कमी झाला की तो डाउनव्होट करणाऱ्याच्या खिशात जात नाही, हौदातच राहतो आणि बाकीच्या सगळ्यांत वाटला जातो.
आणि १८ च्या १८ राहिले असते तरी तुमचे ९. त्यातलेही साधारण अर्धे 'पॉवर'मध्ये, म्हणजे लगेच न काढता येणारे. हाइव्हवर (स्टीममधूनच फुटून निघालेली चेन) पॉवर मोकळी करायला १३ आठवडे लागतात, तुमच्याकडे किती ते तपासा.
खाली कॉमेंट होती का, याचं उत्तर राहिलं.

सीए_नव्हे_पण | १०.२०
टॅक्सचा विचार केलाय का? १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस. रिटर्नमध्ये वेगळं शेड्यूल भरावं लागतं.

चिरेबंदी_भांडुप | १०.२४
अहो, शून्यावर ३० टक्के किती होतात?

माटुंगा_मामी | ११.४०
मला यातलं तांत्रिक कळत नाही, पण ज्याच्याकडे नाणी जास्त त्याचं मत जड, हे मुळातच चूक आहे. मी नऊ वर्षं सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमच्याकडे कोणाचा वन बीएचके असो नाहीतर दोन फ्लॅट जोडून केलेला हॉल, सभेत सभासदाला मत एकच. सहकार कायदाच तसा आहे, १९६० चा. तीच पद्धत तिथे का नाही?

दलाल_स्ट्रीटचा_दादा | ११.५५
मामी, ती सोसायटी नाही, कंपनी आहे. जितके शेअर तितकी मतं. आणि एक माणूस एक मत करायचं तर माणूस मोजणार कसा? तुमच्याकडे सभासद व्हायला फ्लॅट घ्यावा लागतो. तिथे एक ईमेल पुरतो. शंभर खाती उघडली की शंभर मतं.

माटुंगा_मामी | १२.१०
मग चहाच्या कपाला ४१ डॉलर कोणत्या शेअरहोल्डरने दिले?

दलाल_स्ट्रीटचा_दादा | १२.१३
त्याच्या मित्राने. उद्या मित्राच्या बिस्किटाला हा देईल.

माटुंगा_मामी | १२.१५
म्हणजे पतपेढीचे संचालक एकमेकांना कर्ज वाटतात तसं. बरं झालं सांगितलंत. ऑडिट कोण करतं?

नोडवाला | १२.४८
ऑडिट म्हणजे तोच डाउनव्होट, मामी. म्हणून तो काढून टाकत नाहीत. पूर्वी स्टीमवर डाउनव्होट केला की स्वतःची मत द्यायची ताकद खर्च व्हायची, म्हणून लुटारूंच्या वाटेला कोणी जात नसे. २०१९ च्या हार्डफोर्कमध्ये (चेनचे नियम बदलणारं अपडेट) डाउनव्होटसाठी थोडी वेगळी ताकद मोफत दिली आणि लेखक-वाचक वाटणी ७५-२५ ची ५०-५० केली. फायदा झाला, पण मोठ्या खातेवाल्याला डाउनव्होट करायला लोक आजही घाबरतात, कारण तो उलटून तुमच्या दहा पोस्टी मारतो. छोट्यावर मात्र हात सहज उठतो. इथे चिरेबंदींची तक्रार खरी आहे.
मोठी नाणी म्हणजे काय ते २०२० मध्ये दिसलंच. ट्रॉन या दुसऱ्या क्रिप्टो चेनवाल्या जस्टिन सन यांनी स्टीममागची स्टीमिट कंपनी विकत घेतली, काही क्रिप्टो एक्सचेंजनी ग्राहकांनी ठेवलेल्या नाण्यांच्या जोरावर मतं टाकली आणि चेन चालवणारे जुने लोक बाहेर गेले. २० मार्चला बाकीच्यांनी वेगळी चूल मांडली, तेच हाइव्ह.

कोपऱ्यातला_वाचक | १.१५
हे सगळं सोडा आणि महिन्याला दोन हजारांची एसआयपी लावा. दहा वर्षांनी आभार मानाल.

लेखणीबहाद्दर | १.३०
मूळ चूक इंग्रजीत लिहिण्याची आहे. मसाला गल्लीवर इंग्रजीत काय लिहिता? मराठीत लिहा.

चिरेबंदी_भांडुप | १.४१
मराठीत लिहिलेल्या पोस्टला चार मतं पडली होती, त्यातली तीन घरची.

नोडवाला | १.४३
घरची म्हणजे?

चिरेबंदी_भांडुप | २.०५
बायको, मेहुणा आणि आई. त्यांची खाती मीच काढून दिली. मीच बघतो.

नोडवाला | २.०६
या पोस्टलाही त्यांनी मत दिलंय?

चिरेबंदी_भांडुप | २.२०
पहिल्या पाच मिनिटांत. त्यांच्याकडे नाणी कितीशी आहेत हो! पैशांत मोजलं तर १८ मधले ४० सेंट नसतील.

दलाल_स्ट्रीटचा_दादा | २.२२
मामी, हा घ्या तुमचा एक माणूस एक मत.

नोडवाला | २.३०
तिसऱ्यांदा विचारतो. खाली कॉमेंट होती का?

चिरेबंदी_भांडुप | ४.५०
होती. शुक्रवारी. इंग्रजीत होती, बॉट वाटला म्हणून सोडून दिली. 'मूळ स्रोत सांगा' असं काहीतरी, आणि खाली एक लिंक. लिंक माझ्याच जुन्या ब्लॉगची आहे, फक्त तिथे नाव वेगळं! २०१९ चा लेख माझाच, मराठी. मशीनने भाषांतर करून, जरा हात फिरवून टाकला. स्वतःच्या घरात स्वतःच चोरी करतात का?

माटुंगा_मामी | ४.५८
आणि दोन शनिवार घालवले ते?

चिरेबंदी_भांडुप | ५.०३
२०१९ मध्ये घालवले होते.

तात्या_गिरगावकर | ५.०४
😂

नोडवाला | ५.३५
आता चित्र पुरं झालं. तपासणाऱ्याला काय दिसतंय बघा: जुन्या ब्लॉगवरचा मजकूर, ब्लॉगवर वेगळं नाव, मशीन भाषांतर, एकाच माणसाची चार खाती आणि विचारलेल्या प्रश्नाला चार दिवस उत्तर नाही. मी असतो तर मीही मारला असता.
आता वेळ घालवू नका. जुन्या ब्लॉगवर आजच्या तारखेची एक ओळ टाका, 'अमुक साइटवरचं अमुक खातं माझंच आहे'. ब्लॉगचा पासवर्ड तुमच्याकडेच असणार, हाच पुरावा. त्या कॉमेंटखाली तिची लिंक द्या. लेख २०१९ चा आहे आणि भाषांतर मशीनचं आहे, हे पोस्टच्या वर लिहा. घरच्या तिन्ही खात्यांची मतं काढून घ्या. मग त्या दोघांना नीट विनंती करा, न्याय-अन्याय काढू नका. पेआउटच्या आधी डाउनव्होट मागे घेता येतो. एकदा ७ दिवस झाले की कोणालाच काही करता येत नाही, साइटच्या मालकालाही नाही.

चिरेबंदी_भांडुप | ५.५०
आणि चहाच्या कपाचं काय?

नोडवाला | ५.५२
त्याने कप स्वतःच काढला होता.

लेखणीबहाद्दर | ६.१०
@नोडवाला, स्वतःचा लेख पुन्हा छापला म्हणून शून्य करणं ही दादागिरीच आहे. दिवाळी अंकातला लेख पुढे पुस्तकात येतोच की.

नोडवाला | ६.२५
येतो. आत 'पूर्वप्रसिद्धी' लिहिलेली असते.

मसालेवाली_ताई | रात्री ९.४०
धागा पूर्ण वाचला नाही. मूळ मराठी लेखाची लिंक मिळेल का? वर्षाचा मसाला पावसाआधी करायचाय. बेडगी आणि संकेश्वरीचं प्रमाण काय ठेवता? आणि मिरच्या तिथेच भाजून मिळतात की घरून न्यायच्या?

चिरेबंदी_भांडुप | बुधवार, रात्री ११.२०
अपडेट. सांगितलं ते सगळं केलं. एकाने दुपारी डाउनव्होट काढला आणि 'पुढच्या वेळी आधी लिहा' म्हणाला. दुसरा उत्तरच देत नाही. १०.४० ला ६.१० डॉलरवर बंद झालं. म्हणजे माझे ३.०५, त्यातले हातात येणारे साधारण दीड डॉलर. सव्वाशे-दीडशे रुपये. तीन खाती बंद नाही केली, पण मत देणं थांबवलंय. आईने विचारलं, माझे पैसे कुठे गेले.
नोडवाला, आभार. तरीही ४१ डॉलर डोक्यातून जात नाहीत.

मसालेवाली_ताई | ११.३१
प्रमाण?

चिरेबंदी_भांडुप | ११.४४
बेडगी दोन किलो, संकेश्वरी अर्धा किलो. तिखट हवं असेल तर संकेश्वरी पाऊण. ऊन दाखवून मिरच्या घरूनच न्या, भाजून आणि कुटून तिथे मिळतं. घरी आल्यावर गार होऊ द्या, मगच बरणीत भरा. भाव विचारू नका, तो २०१९ चा आहे.