अनुभव धागा: लोकलचा पास आणि लसीचे दोन डोस

१५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांना खुली झाली, पण कोरोना लसीच्या दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस उलटलेल्यांनाच मासिक पास मिळू लागला. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की लसीची सक्ती कोणावर करता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील. त्या काळात आपल्यावर काय गुदरले, ते येथे लिहावे. लस चांगली की वाईट हा वाद कृपया नको.

डोंबिवली : लसीला माझा विरोध कधीच नव्हता. जूनमध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना मोफत लस खुली झाली, तरी आमच्या केंद्रावर पहाटेपासून रांग आणि दुपारच्या आत साठा संपल्याची पाटी, हे ठरलेले. अखेर जुलैच्या आरंभी खासगी रुग्णालयात ७८० रुपये मोजून कोविशिल्ड घेतली. त्यानंतर दुसऱ्या डोसपर्यंत ८४ दिवसांचे अंतर सरकारनेच ठरवलेले आणि वरचे चौदा दिवसही सरकारचेच, त्यामुळे सगळे नियम पाळूनही ऑक्टोबरपर्यंत मी शिळफाट्याच्या कोंडीत बसमध्ये अडकून कामावर जात राहिलो. नोकरी टिकली, पगाराचा मोठा वाटा मात्र भाड्यात गेला.

ठाणे : स्थानकावरील मदत कक्षात प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ताडून शिक्का मारण्याचे काम मी केले आहे. लस नाकारणारे क्वचितच येत, आणि त्यांच्याशी हुज्जत घालणे सोपे होते. घरकामाला जाणाऱ्या बायका एका डोसचा कागद पुढे करून, ‘दुसऱ्याची तारीखच आली नाही, साहेब, मग आम्ही कामावर जायचं कसं?’ असे विचारत, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसे.

कुर्ला : दुसऱ्या लाटेत वडील गेले. गर्दीच्या डब्यात शेजारच्याचा श्वास टाळता येत नाही, म्हणून ही अट मला जाचक वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

विरार : पहिल्या डोसनंतर मला तीव्र ॲलर्जी झाली. अशा व्यक्तीला त्याच लसीचा दुसरा डोस देऊ नये, ही सूचनाही सरकारचीच. डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीवर दाखवली, तर ‘दोन्ही डोसचे प्रमाणपत्र आणा’ एवढेच ऐकायला मिळाले. कुर्ल्याच्या सदस्यांचे दुःख मी समजू शकते. परंतु निर्बंध घालताना अपवादाची एक ओळ लिहून ती खिडकीपर्यंत पोहोचवणे अवघड नव्हते. राज्यातील निर्बंध एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला उठले आणि निकाल मेमध्ये आला. तोवर मी ती नोकरी सोडून वसईत कमी पगारावर रुजू झाले होते.